ओल्या लाकडाचा वाडगा, त्याचा वाक आणि त्याचे तडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धायरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, आहे. वळवाच्या पावसात झाडं पडायला लागली की फोनही वाजायला लागतो, आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकदा सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतो. पुण्याच्या हवेत जे जमलं आणि जे फसलं तेच लिहिलंय. कोकणातल्या माणसाने वाळवण्याचा भाग आपल्या हवेप्रमाणे बदलून घ्यावा.

वाडगा वाकतो आणि तडकतो ते एकाच कारणाने ना?

मूळ एक, पण आजार दोन. औषधंही वेगळी.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं. त्याने लाकूड हलकं होतं, आकसत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. (हे टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, त्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वर गेला तरी दचकू नका.)

आकसणं सगळ्या दिशांनी सारखं असतं तर काहीच प्रश्न नव्हता, वाडगा थोडा लहान झाला असता इतकंच. पण खोडाच्या लांबीत लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे त्याहून बरंच जास्त, आणि वाढीच्या कड्यांना धरून साधारण त्याच्याही दुप्पट. सागासारख्या गुणी लाकडाचे आकडे बघा: पूर्ण ओल्यापासून भट्टीत ठणठणीत कोरडं होईपर्यंत एका दिशेने सुमारे २.५ टक्के, दुसऱ्या दिशेने ५.८. म्हणून गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो. रेषेच्या, म्हणजे खोडाच्या लांबीच्या, दिशेने तेवढाच राहतो, आडवा कमी होतो. दहा इंची वाडगा वाळेपर्यंत आडवा आठ-दहा मिलिमीटर सहज गमावतो. हा झाला वाक, आणि तो थांबवता येत नाही.

तडा वेगळ्या कारणाने जातो. बाहेरचा थर वाळून आकसायला निघालेला असतो, आतला अजून ओला आणि फुगलेला असतो. बाहेरच्याला आत सरकायला जागाच नसते, मग तो फाटतो. म्हणजे तडा जातो तो घाईमुळे. उडदाचे पापड सावलीत का वाळवतात, हे ज्यांच्या घरी पापड होतात त्यांना सांगावं लागत नाही. इथेही तेच. वाकाची जागा आधीच सोडून ठेवायची आणि वाळण्याचा वेग आपल्या हातात ठेवायचा. खालची सगळी उत्तरं याच दोन गोष्टींची आहेत.

मग ओलं लाकूड घ्यायचंच कशाला? टिंबर मार्केटमधून वाळलेलं आणू.

आणा की. भवानी पेठेत फळ्या हव्या तेवढ्या मिळतात. पण चार इंच जाडीचा, आतपर्यंत खरोखर वाळलेला ठोकळा मागून बघा. मिळाला तर भाव ऐकून बसायला स्टूल मागाल. शिवाय ओलं लाकूड कातण्यासारखं सुख नाही. लांबच लांब ओल्या फिती खांद्यावरून मागे उडतात, धूळ जवळजवळ होत नाही, हत्याराची धार टिकते. आणि रस्त्यावर पडलेल्या झाडाचं शेवटी सरपणच होणार असतं.

ओंडका घरी आला. आधी काय करू?

दोन्ही टोकं बंद करा, त्याच दिवशी. टोकाकडून पाणी बाजूच्या मानाने कैक पटींनी लवकर निघतं, कारण झाडाच्या नळ्या तिथेच उघड्या पडलेल्या असतात. मे महिन्यात सकाळी कापलेल्या टोकावर संध्याकाळी केसाएवढ्या चिरा दिसतात. चिरा बारीक दिसतात, आत इंच-दोन इंच गेलेल्या असतात.

बंद करायला पॅराफिन मेण उत्तम. बोहरी आळीत सुटं मिळतं. ते थेट गॅसवर तापवू नका, पेटतं. पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा डबा, असं वितळवा. मेण नसेल तर फेव्हिकॉलचे दोन जाड हात, नाहीतर घरातला उरलेला ऑइल पेंट. काहीच नसेल तर टोकाला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर सुतळी. तेवढ्याने एक रात्र निघते.

ओंडका कापून घेताना वाडग्याच्या व्यासापेक्षा पाच-सहा इंच लांब ठेवायला सांगा. टोकांचा तडकलेला भाग नंतर उडवता येतो. बरोब्बर दहा इंचाचा तुकडा आणलात तर त्यातून सात इंचाचा वाडगा निघेल आणि तुम्ही मला फोन कराल.

गाभा काढावाच लागतो का? तो रंग छान दिसतो.

काढावाच लागतो. गाभ्याभोवतीची कडी इतक्या लहान वर्तुळात फिरलेली असतात की आकसताना त्यांना फाटण्यावाचून गत्यंतर नसतं. ओंडका गाभ्यातून उभा चिरा आणि दोन्ही अर्धुकांतून गाभ्याकडची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची पट्टी काढून टाका. कधी गाभा मध्यावर नसतो, वाकडा गेलेला असतो. मग दोन्ही टोकांवर खडूने खूण करा आणि त्या खुणांना धरून चिरा.

भिंत किती जाड ठेवायची?

दोनदा कातणार असाल, म्हणजे आधी ओबडधोबड आणि वाळल्यावर पुन्हा, तर व्यासाचा दहावा भाग. दहा इंची वाडग्याला एक इंच. हा नियम जगभरचे कातणारे पाळतात आणि त्याला साधा हिशेब आहे. लंबगोल झालेल्या वाडग्यातून पुन्हा गोल काढायला तेवढं मांस लागतं. फार वाकणारं लाकूड असेल तर थोडं जास्त ठेवा. पण "जाड ठेवलं की मजबूत" या समजुतीत राहू नका. दीड-दोन इंची भिंतीत आत आणि बाहेर ओलाव्याचा फरक वाढतो, आणि तडा नेमका त्या फरकातूनच जन्मतो.

जाडीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती सगळीकडे सारखी हवी. नवशिक्यांचे वाडगे मी उलटे करून बघतो. कड इंचभर, मध्ये पाऊण इंच आणि बूड दोन इंच! बुडात हत्यार लागेल या भीतीने खाली भरपूर लाकूड सोडलेलं असतं. मग भिंत वाळून आकसते, बूड ओलंच राहतं, आणि दोघांच्या ओढाताणीत बुडाजवळ अर्धचंद्राकृती चीर पडते. बुडाची जाडीही एक इंचच ठेवा. भिंत कडेपासून बुडापर्यंत वळणदार न्या, आत काटकोन नको. कोपऱ्यात ताण साठतो.

लेथच्या चकला, म्हणजे वाडगा धरणाऱ्या जबड्यांना, पकडायला खाली जी गोल खुंटी सोडता तीही वाळल्यावर लंबगोल होणार. म्हणून ती व्यासाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास, जराशी मोठी ठेवा. दुसऱ्या फेरीत तिला आधी गोल करून घ्यावं लागतं.

एकदाच कातून संपवता येत नाही का?

येतं, आणि मला ते जास्त आवडतं. भिंत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत पातळ न्यायची. इतकी पातळ भिंत सगळीकडून एकदम वाळते, आणि ताण आला तर फाटण्याऐवजी लवते. वाडगा वाळताना आपणच आकार घेतो, कड वरखाली लाटेसारखी होते. आमच्या आजीची पिठाची काठवट अशीच वाकलेली होती. तिला कोणी सदोष म्हटलं नाही, तिच्यात मळलेल्या पिठाच्या भाकऱ्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या.

अट एकच: सुरू केलं की एका बैठकीत संपवायचं. अर्धा पातळ केलेला वाडगा चहाला जाऊन येईपर्यंत लंबगोल व्हायला लागतो आणि मग हत्यार एका बाजूला घुसतं, दुसऱ्या बाजूला हवेत जातं. मध्ये उठावंच लागलं तर ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून मी गुरुवारी पातळ काम हातात घेत नाही. बाकी सगळे मुहूर्त मी धुडकावतो, हा पाळतो.

वाळवायचं कुठे आणि कसं?

आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आंब्याचे सहा वाडगे कातले. एका रविवारात सहा, म्हणून छाती फुगलेली. पाच वाडगे गच्चीवरच्या खोलीत फळीवर नीट मांडले, वर पंखा लावला, "लवकर वाळतील." रात्री दोनच्या सुमाराला वरून आवाज आला, टक्. मांजर असेल म्हणून झोपलो. पुन्हा टक्. सकाळी वर गेलो तर पाचही वाडग्यांच्या कडेला, नेमक्या समोरासमोरच्या दोन जागी, जिथे आडव्या तुटलेल्या नळ्या उघड्या पडतात तिथे, चिरा. एकीत तर दहा रुपयांचं नाणं उभं राहिलं. सहावा वाडगा सापडतच नव्हता. तो आठवड्याने शेड झाडताना कोपऱ्यातल्या ओल्या किसाच्या ढिगाखाली मिळाला. एकही चीर नाही. मला शिकवलं ते त्या ढिगाने.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. वाडगा लेथवरून उतरला की कडेला आणि दोन्ही टोकांकडच्या भागांना, आतून-बाहेरून, मेण. मधला भाग उघडा ठेवायचा, पाणी तिथून सावकाश निघू दे. मग वर्तमानपत्राच्या घड्या किंवा किराण्याच्या खाकी पिशव्या, त्यावर लाकडाचं नाव, तारीख आणि वजन. मग तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत, जमिनीलगत. पंखा नाही, खिडकीची झुळूक नाही.

कागद किती हे महिना ठरवतो. मार्च ते मे पुण्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत लाकूड पाच टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळू पाहतं आणि ओल्या वाडग्याला ही ओढ सोसत नाही. तेव्हा तीन-चार थर कागद आणि पहिले दोन आठवडे वर सैल बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी रोज उलटी करायची, म्हणजे आत जमलेलं पाणी बाहेरच्या बाजूला येतं. जून ते सप्टेंबर हा कातायला राजा हंगाम. आर्द्रता ऐंशीच्या आसपास, त्यामुळे हवा स्वतःच ओलं फडकं होऊन वाडग्याला गुंडाळते. एक थर कागद पुरतो, कधी तोही नको. ऑक्टोबरमध्ये ढगांची चादर जाते आणि हवा आठ-दहा दिवसांत पालटते. पावसाळ्यात निवांत बसलेले वाडगे तेव्हा तडकतात. घटस्थापनेच्या सुमाराला मी सगळ्यांना आणखी एक थर कागद चढवतो.

किसात गाडून ठेवलं तर?

चालतं, माझा सहावा वाडगा साक्षीदार आहे. पण पावसाळ्यात ओला कीस म्हणजे बुरशीचं घर. वाडगा त्याच्याच किसात ठेवायचा तर कीस आधी एक दिवस पसरून सुकवा आणि दर आठवड्याला बदला.

वाडगा वाळला हे कसं ओळखायचं?

स्वयंपाकघरातला वजनकाटा. दुसरं काही घेऊ नका. सुया टोचायचं ओलावामापक ३० टक्क्यांच्या वर भरवशाचं राहत नाही, आणि इंचभर भिंतीच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळत नाही.

दर रविवारी वजन करून वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीने लिहा. आंब्याच्या दहा इंची ओबडधोबड वाडग्याचे माझे आकडे असे होते: पहिल्या दिवशी १,६२० ग्रॅम, आठवड्याने १,४८०, महिन्याने १,२४५, तीन महिन्यांनी १,०७०, आणि त्यानंतर तीन रविवार १,०६५. वजन जिथे थांबलं तिथे वाडगा हवेशी जुळला.

मात्र पावसाळ्यात थांबलेलं वजन फसवतं. ८० टक्के आर्द्रतेत लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं. काटा हलत नाही, तुम्ही ऑगस्टमध्ये खूश होऊन वाडगा पुन्हा गोल कातता, तेल लावता, आणि जानेवारीत तो परत लंबगोल. म्हणून दुसरी फेरी मी डिसेंबर-जानेवारीत करतो, फार तर फेब्रुवारीत.

मूळ ओलावा किती होता हे जाणून घ्यायची हौस असेल तर कातताना मूठभर ढलप्या ५० ग्रॅम मोजून घ्या आणि घरच्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन थांबेपर्यंत ठेवा. समोरून हलू नका. ३२ ग्रॅम उरले तर १८ ग्रॅम पाणी होतं. १८ भागिले ३२, म्हणजे ५६ टक्के. घरच्यांना आधी सांगा, नाहीतर पुढच्या केकला लाकडाचा वास आला की तुम्हीच सापडाल.

पुण्यात मिळणारं कोणतं लाकूड बरं?

माझा पहिला हात रेन ट्रीवर, म्हणजे वर्षावृक्षावर. फार कमी आकसतो, त्यामुळे ओल्यातच कातून ठेवला तरी सहसा तडकत नाही. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. हवाईत याच्याच लाकडाचे वाडगे पिढ्यान्पिढ्या होत आलेत. आपल्याकडे रस्त्याकडेला पसरलेल्या त्याच्या फांद्या पावसात कोसळतात. गाभ्याकडचं चॉकलेटी लाकूड आणि कडेचा पिवळट पट्टा एकाच वाडग्यात आला तर दुसरी सजावट लागत नाही.

आंबा नवशिक्यांसाठी चांगला. स्वस्त, मऊ, बऱ्यापैकी समजूतदार. पण त्याच्या चिकाने आणि धुळीने काहींच्या हाताला खाज येते, बाह्यांचा शर्ट घाला. फणस पिवळाधमक निघतो आणि वर्षांनी तांबूस होतो. चिंच दगड आहे, रेषा एकमेकींत गुंतलेल्या. धार दर दहा मिनिटांनी लावावी लागते, पण निघालेला वाडगा नातवंडं वापरतील. गुलमोहर हलका, लवकर कुजणारा आणि किडीला आवडणारा. हात बसवायला ठीक.

निलगिरी मात्र माझ्याकडे आणू नका. उभ्या झाडातच इतका ताण असतो की करवत चालवताना ओंडका आपण होऊन फाकतो, आणि वाळताना पेशी आतल्या आत चेपून लाकूड सुरकुततं.

उकळणं, मायक्रोवेव्ह, साबणाचं पाणी, स्पिरिट... यातलं खरं काय?

उकळण्याचा मला स्वतःला फायदा झालाय. ओबडधोबड वाडगा मोठ्या पातेल्यात, इंचभर जाडीला एक तास. मग पाण्यातच थंड होऊ द्यायचा आणि नेहमीसारखा कागदात. लाकूड गरम ओलाव्यात नरम पडतं आणि आतला ताण सैल होतो. वाक जातो असं नाही, तडे कमी होतात. रंग थोडा फिका पडतो. पातेलं पुन्हा स्वयंपाकाला मिळणार नाही हे गृहीत धरा.

मायक्रोवेव्ह लहान, पातळ वाडग्यांना चालतो. मंद आचेवर एक-दोन मिनिटं, मग पूर्ण थंड, मग वजन, मग पुन्हा. घाई केली तर आतून धूर येतो, आणि बाहेरून काहीच दिसत नसताना आत कोळसा झालेला असतो. साबण आणि स्पिरिट यांच्या बाजूने शपथा घेणारे आहेत. मी दोन्ही करून पाहिलं, एकाच ओंडक्याचे वाडगे शेजारी शेजारी ठेवून. फरक दिसला नाही, आता करत नाही.

पावसाळ्यात वाडग्यावर हिरवी-काळी बुरशी आली.

हवा खेळती नाही. प्लॅस्टिक काढा, कागद बदला, वाडगे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. वरची बुरशी दुसऱ्या फेरीत कातली जाते. काळ्या रेषा आत उतरल्या असतील आणि लाकूड नखाला टणक लागत असेल तर फेकू नका, तसे वाडगे लोक मुद्दाम मागतात. नख रुतलं तर मात्र सरपण.

बुरशीपेक्षा बारीक भोकं आणि त्यांतून सांडणारं पांढरं पीठ वाईट. ती कीड सालीलगतच्या फिक्या लाकडातला स्टार्च खाते. असा वाडगा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. पुढच्यांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात ओबडधोबड वाडगा बुडवून मग वाळवायची रीत आहे. खाण्याच्या भांड्यांना मी ती वापरत नाही.

तडा गेलाच. आता?

केसाएवढा असेल आणि लवकर दिसला तर त्यात फेविक्विक मुरवा, वर लाकडाचं बारीक पीठ दाबा, आणि वाडगा ताबडतोब प्लॅस्टिकच्या पिशवीत. तडा वाढवणारा फरक आधी कमी झाला पाहिजे. नाणं बसेल एवढा असेल तर पूर्ण वाळू द्या आणि मग ठरवा. मोठा तडा गेलेला वाडगा लेथवर पुन्हा चढवू नका. फिरताना तो दोन तुकडे होऊन येतो तो थेट तोंडाकडे. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड नसेल तर धड वाडगाही चढवू नका.

सोसायटीत झाड पडलंय. उचलून आणू?

विचारून आणा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ शहरात लागू आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पडलेल्या झाडाचं लाकूड कोणाचं, हे आधी सोसायटीला आणि उद्यान विभागाला विचारून घ्या. चंदनाचं दिसलं तर हातही लावू नका.

शेवटी कोणतं तेल?

जवसाचं कच्चं तेल, पातळ हात, दोन हातांत आठवड्याचं अंतर, आणि वापरण्याआधी महिनाभर थांबणं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं नको, खवट वास येतो. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. तेलाने ओलाव्याची ये-जा थांबत नाही, फक्त मंदावते.

जानेवारीत सपाट बसणारा वाडगा जुलैत टेबलावर डुगडुगतो. परत कातू?

नको. त्याने दमट हवेतला ओलावा घेतला आणि बूड किंचित फुगलं. पुढच्या वेळी बुडाचा मधला भाग दोन मिलिमीटर खोल करा, म्हणजे वाडगा फक्त कडेच्या गोलावर बसेल. हातातल्यासाठी खिडकीच्या काचेचा तुकडा सपाट जागी ठेवा, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, आणि वाडगा दाब न देता आठच्या आकड्यात फिरवा. दहा-बारा फेऱ्यांत बसतो. तेलाचा एक हात फक्त बुडाला.